वांटणीबाहेरची पेटी

विद्या ही अशी वस्तु आहे कीं, ती चोराला नेतां येत नाहीं, राजाला हिरावून घेतां येत नाहीं आणि भावाभावांत वांटली तरी कोणाच्याहि वांट्याला कमी येत नाहीं, असें आपल्या घरांतील प्रत्येक मुलाला लहानपणीं शिकवितात. बाकीच्या सर्व वस्तूंचा न्याय निराळा. तांब्याचें घंगाळ थोरल्याकडे गेलें कीं तें धाकट्याकडे जात नाहीं; झोपाळा एकाच माजघरांत टांगतां येतो. गाण्याची गणना या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत करावी, हा प्रश्न मात्र पूर्वीं सहसा कोणाला पडला नसेल. गवयाच्या गळ्यांत असतें ती विद्याच. परंतु श्रोत्याच्या हातीं जें गाणें येत असे, तें तबकडीच्या अथवा फितीच्या रूपानें येई आणि म्हणून तें घंगाळाच्या जातीचें होतें. एकाकडे असलें तर दुसऱ्याकडे नसे. गेल्या तीस वर्षांत हें गाणें एका पंक्तींतून उठून दुसऱ्या पंक्तीला जाऊन बसलें आहे. या स्थलांतरानें आपल्या घरांत काय बदललें, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत आहें. आणि आमच्या कुटुंबांत नुकत्याच घडलेल्या एका गोष्टीमुळें तो विचार लिहून काढावा असें वाटूं लागलें आहे.

ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवर आपल्याकडील गाणें उतरूं लागलें तें १९०२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत. फ्रेड गायस्बर्ग नांवाचा त्या कंपनीचा मनुष्य कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान यांचें गाणें मुद्रित केलें. पुढें सर्वत्र रूढ झालेल्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. तासभर आळविण्याचा राग एवढ्याशा जागेंत बसवावयाचा, म्हणजे घागर पळीनें ओतण्यासारखेंच होतें. तरीहि त्या पळीभर पाण्यानें किती जणांची तहान जागी केली! अब्दुल करीमखां यांची झिंझोटीची तबकडी कानीं पडली आणि गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधार्थ १९३३ सालीं घर सोडून निघाला; तेच पुढें पंडित भीमसेन जोशी झाले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तींत मला महत्त्वाचें वाटतें तें इतकेंच कीं, त्या मुलाच्या मालकीची अशी एकहि तबकडी नव्हती. दुसऱ्या कोणीं तरी लावलेली ती त्याच्या कानीं पडली.

तबकडी उसनी देण्याचे आमच्या वाड्यांत नियम होते. पोलादी सुई एका बाजूस एकच वापरावयाची, तबकडी उभी ठेवावयाची, उन्हाकडे न्यावयाची नाहीं. एवढे नियम पाळले जातील याची खात्री नसल्यामुळें आमचे थोरले काका बहुधा तबकडीबरोबर स्वतःच जात. त्यामुळें तबकडी उसनी देणें म्हणजे दोन घरांनीं एकत्र बसून गाणें ऐकणें असाच अर्थ झाला होता. चहा होई, वाद होत, एखादी तान पुन्हा ऐकण्यासाठीं सुई मागें ठेवली जाई आणि मग सुई कोणीं ठेवावी यावरून मुलांमध्यें भांडणें होत. वस्तु एकच असल्यामुळें माणसांना तिच्याभोंवतीं जमावें लागे.

नभोवाणीचा मार्ग याहून वेगळा. मुंबईस १९२७ सालच्या जुलैमध्यें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. ती कंपनी लवकरच बुडाली, सरकारनें कारभार हातीं घेतला आणि १९३६ सालीं त्याला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. येथें गाणें कोणाच्याच हातीं लागत नसे. तें आकाशांतून ठरल्या वेळीं येई आणि ठरल्या वेळीं निघून जाई. रेडिओ बाळगण्याचा परवाना टपालकचेरींतून काढावा लागे, आणि घरांत यंत्र एकच असे. तें माजघरांतील फळीवर, लहान मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर ठेवलेलें असे. काय ऐकावयाचें हें वडीलधाऱ्यांनीं ठरवावें आणि बाकीच्यांनीं कामें करतां करतां ऐकावें. पुणें केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून माडगूळकर आणि सुधीर फडके यांचें गीतरामायण सुरू झालें आणि वर्षभर आठवड्यागणिक त्याचीं छप्पन्न गीतें झालीं, तेव्हां अनेक घरांतून रेडिओपुढें उदबत्ती लावीत आणि फूल ठेवीत. त्या फुलाचा मान यंत्राला खचित नव्हता. हजारों घरें या क्षणीं हेंच ऐकत आहेत, ही जाणीव त्यामागें असली पाहिजे.

म्हणजे तबकडीला सांठा होता, परंतु ती एकाच घरांत असे. रेडिओ सर्व घरांत असे, परंतु त्याला सांठा नव्हता. या दोहोंच्या मधें फीत आली. आमच्या वडिलांनीं व काकांनीं मिळून १९५९ सालीं स्पूलचें एक अवजड ध्वनिमुद्रणयंत्र घेतलें आणि त्या वर्षापासून वाड्यांत होणारीं गाणीं, कीर्तनें, मंगळागौरीचीं गाणीं, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, जें जें म्हणून कानाला गोड तें तें त्यांनीं सांठवून ठेवलें. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं कॅसेट काढली. ती आमच्याकडे पुष्कळ उशिरां आली, पण आल्यावर तिनें घर भरून टाकलें. कॅसेटीची नक्कल करतां येई, हें खरें. परंतु नक्कल करावयास गाणें जितकें लांब तितकाच वेळ लागे, आणि नकलेची नक्कल केली कीं, खरखर वाढून सूर मळका होई. तिसऱ्या हाताला पोंचेपर्यंत तंबोरा पावसांत वाजल्यासारखा वाटे. म्हणून मूळ कॅसेट ज्याच्याकडे असेल त्याला मान होता. आणि जो तुमच्यासाठीं दीड तास बसून नक्कल करी, त्याचें तुमच्यावर प्रेम आहे हें निराळें सांगावें लागत नसे.

आतां अंकांची किमया पाहा. ध्वनि म्हणजे हवेचा कंप. त्या कंपाची उंची एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजावयाची आणि प्रत्येक मापाचा आंकडा लिहून ठेवावयाचा, ही रीत १९८२ सालीं आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कनें रूढ केली. गाणें एकदां आंकड्यांच्या रूपांत गेलें कीं त्याची नक्कल म्हणजे आंकडे उतरून घेणें. आणि आंकडा उतरून घेतांना तो मळत नाहीं. सात हा सातच राहतो. पहिली प्रत आणि हजारावी प्रत यांत मूळ कोणती हें परमेश्वरालाहि सांगतां येणार नाहीं. पुढें जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें हेरलें कीं, मोठ्या आवाजाच्या आड लपलेले बारीक आवाज कानाला ऐकूंच येत नाहींत. मग ते लिहावयाचे तरी कशाला? एवढें गाळून उरलेलें गाणें सुमारें अकराव्या हिश्श्याच्या जागेंत बसूं लागलें. यालाच एमपी३ म्हणतात. हें नांव १९९५ सालीं ठरलें. अमेरिकेंत १९९९ सालीं नॅपस्टर निघालें आणि परक्या माणसांनीं परक्या माणसांना, कधींहि तोंड न पाहतां, लाखों गाणीं दिलीं. दोन वर्षांत न्यायालयाच्या हुकुमामुळें तें बंद पडलें. परंतु गाणें घंगाळाच्या पंक्तींतून उठलें तें उठलेंच.

आमच्या वाड्याची वांटणी तीन वर्षांपूर्वीं झाली. वाडा पाडून तेथें सदनिका उठावयाच्या होत्या, आणि आम्ही चुलतभावंडें पुणें, नागपूर, लंडन आणि न्यू जर्सी अशीं विखुरलेलीं. देव थोरल्याकडे गेले, झोपाळा धाकट्याकडे गेला, भांडीं सुनांनीं आपसांत सामोपचारानें घेतलीं. कागदावर सर्व यादी झाली, सह्या झाल्या आणि मग माळ्यावरून एक लोखंडी पेटी निघाली. तींत नऊ स्पूल आणि चौसष्ट कॅसेटी होत्या. ही पेटी यादींत नव्हती. तिची किंमत विचाराल तर भंगारवाल्यानेंहि हात लावला नसता. आणि तरीहि त्या दिवशीं, ज्या भावांनीं जमिनीच्या वांट्यावरून आवाज चढविला नव्हता, त्यांचे आवाज चढले. ओव्या कोणाकडे जाव्यात? नानांच्या पुढें झालेली यमनाची मैफल कोणीं न्यावी? ज्यानें पेटी न्यावी त्यानें आजीच नेली, असें प्रत्येकाला वाटत होतें.

माझा पुतण्या संगणकाच्या व्यवसायांत आहे. तो म्हणाला, "काका, भांडूं नका. ही पेटी चौघांनाहि पुरी मिळेल." त्यानें एक जुनें स्पूलचें यंत्र दुरुस्त करवून आणलें, कॅसेटीचें यंत्र मिळविलें आणि सहा महिने रोज रात्रीं बसून सर्व फिती अंकांत उतरविल्या. सुमारें नव्वद तासांचें ध्वनिमुद्रण निघालें. कांहींहि न गाळतां, कॉम्पॅक्ट डिस्कच्या बारकाव्यानें तें ठेवलें, तरी त्याला सत्तावन्न अब्ज बाइटांहून अधिक जागा लागली नाहीं. हा आंकडा ऐकून मी घाबरलों. तेव्हां त्यानें माझ्या तळहातावर नखाएवढी एक काळी पत्री ठेवली आणि सांगितलें कीं, पेटी हींत आहे आणि अजून थोडी जागा शिल्लक आहे. अशा चार पत्र्या चार घरीं गेल्या. कोणालाहि कमी मिळालें नाहीं. तंटा मिटला, आणि विद्येविषयींचा तो जुना धडा गाण्यालाहि लागू झाला, याचा मला अतिशय आनंद वाटला.

तो आनंद फार दिवस टिकला नाहीं. पांचसहा महिन्यांनीं मी एकेकाला सहज विचारलें, तर असें दिसून आलें कीं, चारहि घरांत ती पत्री सुरक्षित होती आणि चारहि घरांत ती कोणीं ऐकली नव्हती. केव्हांहि ऐकतां येतें, म्हणून आज ऐकण्याचें कांहीं कारण नव्हतें. एकच पेटी असती तर तिच्यासाठीं प्रवास झाले असते, रुसवे झाले असते, पण ती ऐकली गेली असती. घरांतील तरुण मंडळी कानांत बोंडें घालून आपापलें गाणें ऐकत होतीं. आणि यंत्र त्यांना, काल जें आवडलें त्याच्यासारखेंच आज देत होतें. एका छताखालीं पांच माणसें आणि पांच गाणीं! एकाला दुसऱ्याचा त्रास नाहीं, हा लाभ मी कमी लेखीत नाहीं. माजघरांतील रेडिओवर हक्क नसल्यामुळें आमच्या वहिनींना आपल्या आवडीचें गाणें वर्षानुवर्षें ऐकतां आलें नव्हतें. त्या आज स्वयंपाकघरांत हवें तें ऐकतात, ही न्यायाचीच गोष्ट झाली. परंतु न मागतां कानीं पडणारें, गदगच्या त्या मुलाला मिळालें तसें गाणें अशा घरांत कोठून यावें?

आणखीहि एक अडचण होती, आणि ती अधिक गंभीर होती. फितींवर नांवें नव्हतीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मुठेचें पाणी आमच्या वाड्यांतहि शिरलें. स्पूल वरच्या मजल्यावर होते म्हणून वांचले. पण ज्या वहींत त्यांची नोंद होती ती खालीं दिवाणखान्यांत होती. कॅसेटींवरचीं चिकटविलेलीं नांवें पुढें काळानेंच गळून पडलीं. त्यामुळें पुतण्याच्या यंत्रांत नव्वद तासांचें गाणें होतें आणि त्याच्यापुढें नुसते क्रमांक होते. कोण गातें आहे, तबल्यावर कोण, प्रसंग कोणता, सन कोणतें, हें जाणणारें मनुष्य आमच्या कुटुंबांत आतां एकच उरलें आहे. ती म्हणजे आमची आत्या. तिचें वय अठ्ठ्याऐंशी आहे. कान तिखट आहेत. पण सकाळीं काय जेवलों हें तिला संध्याकाळीं आठवत नाहीं, आणि वैद्यांनीं सांगितलें आहे कीं, जुन्या आठवणीहि क्रमानें जातील. यंत्रानें आवाज सांठविला होता; आवाजाची ओळख मात्र त्या एका वृद्ध स्त्रीपाशीं होती, आणि तिची प्रत काढण्याची सोय नव्हती.

येथें इंटरनेट रेडिओ आमच्या उपयोगीं पडला. १९९४ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील चॅपेल हिल येथल्या विद्यार्थ्यांच्या नभोवाणी-केंद्रानें आपला कार्यक्रम इंटरनेटवरून सोडण्यास आरंभ केला, तेव्हांपासून रेडिओला उंच मनोऱ्याची आवश्यकता उरली नाहीं. आपल्या आकाशवाणीचीं केंद्रें आज फोनवर जगांत कोठेंहि ऐकतां येतात, आणि २०१६ पासून 'रागम्' ही अहोरात्र शास्त्रीय संगीताची वाहिनीहि तिनें चालविली आहे. परंतु असें केंद्र केवळ सरकारनेंच काढावें असें नाहीं, हें मला ठाऊक नव्हतें. पुतण्यानें पुस्तकाएवढें एक लहानसें यंत्र घरीं बसविलें, त्यावर ती पेटी ठेवली आणि परवलीचा शब्द घातल्यावांचून कोणाला ऐकतां येऊं नये अशी व्यवस्था करून आमच्या कुटुंबापुरता एक रेडिओ सुरू केला. दर रविवारीं रात्रीं आठ वाजतां एक तास. गाणें तो निवडणार. आधीं सांगणार नाहीं. मागें नेतां येणार नाहीं. पुढें ढकलतां येणार नाहीं. त्याच वेळीं सर्वांनीं फोनवरून एकत्र जमावयाचें आणि आत्यानें गाणें ओळखावयाचें.

हातांत असलेली वस्तु पुन्हा आकाशांत सोडून देण्याचा हा खटाटोप मला प्रथम विचित्र वाटला. जी पत्री प्रत्येकाच्या कपाटांत पडून होती, तिच्यांतलेंच गाणें! पण पहिल्याच रविवारीं तेवीस माणसें जमलीं. नागपूरच्या सूनबाईंनीं पोळ्या करतां करतां ऐकलें. न्यू जर्सींत उन्हाळ्यांत तेव्हां सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, लंडनला दुपारचे साडेतीन. गाणें सुरू झालें आणि पांचच मिनिटांत आत्या म्हणाली, "हा खोकला अप्पांचा. अप्पा गेले साठ सालीं. म्हणजे ही त्याच्या आधींची कोजागिरी." दुसऱ्या एका फितींत मागें कर्‌कर् असा आवाज येत होता; पुतण्या तो दोष समजून काढून टाकणार होता. आत्या म्हणाली, "अरे, तो आपला झोपाळा आहे. कडीला तेल घालावयाचें राहिलें होतें." तेव्हांपासून पुतण्यानें कोणताहि आवाज काढावयाचा नाहीं, असा नियम केला आहे.

एका मैफलीविषयीं ती ऐकतांक्षणींच म्हणाली कीं, हें गाणें खरें नव्हे. बुवांची पट्टी इतकी चढी कधींच नव्हती. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या कानांवर किती विश्वास ठेवावा? पुतण्यानें मात्र ती गोष्ट मनावर घेतली. जुन्या ध्वनिमुद्रणांत विजेचा एक मंद घुमारा नेहमीं असतो; आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला सामान्यतः पन्नास आवर्तनें करतो, म्हणून तो घुमारा पन्नासाशीं अथवा त्याच्या पटींशीं जुळावयास हवा. त्यानें मोजून पाहिलें तर तो बावन्न भरला. म्हणजे फीत वाजवितांना शंभरास चार या प्रमाणांत वेगानें फिरली होती आणि गाणें जवळजवळ पाऊण पट्टी चढलें होतें. त्यानें वेग उतरविला आणि पुढच्या रविवारीं तेंच पुन्हा लावलें. आत्या डोळे मिटून ऐकत होती. बऱ्याच वेळानें म्हणाली, "आतां आले."

या रेडिओंत गमतीहि आहेत. इंटरनेटवरून येणारा ध्वनि प्रत्येक यंत्र थोडासा सांठवून मग सोडतें, म्हणजे वाटेंत खंड पडला तरी गाणें तुटत नाहीं. परिणामीं एका घरीं तो दहा सेकंद आधीं पोंचतो, दुसऱ्या घरीं वीस सेकंद उशिरां. म्हणून लंडनची पुतणी फोनवर 'वाः!' म्हणते तेव्हां आमच्याकडे समेला अजून एक आवर्तन बाकी असतें. पहिल्यांदां सर्वांना हसूं आलें. आतां तिच्या 'वाः'नंतर कांहीं तरी येणार, म्हणून आम्ही सावध होऊन बसतों. रागाच्या वेळेचा प्रश्न मात्र सुटला नाहीं. रात्रीं आठला पुण्यांत यमन शोभतो, परंतु न्यू जर्सींत तेव्हां सकाळ असते. आणि तेथल्या मुलांना सकाळचा राग म्हणून यमनच ओळखीचा झाला तर दोष कोणाला द्यावयाचा? आत्यानें निवाडा दिला कीं, गाणारा ज्या वेळीं गायला ती वेळ खरी, ऐकणारानें आपलें घड्याळ बाजूला ठेवावें. शास्त्राला हें कितपत मान्य होईल कोण जाणे. कुटुंबाला मान्य झालें.

खरा वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. ज्या बुवांची मैफल आत्यानें ओळखली, ते मोठ्या योग्यतेचे असून प्रसिद्धीपासून दूर राहिलेले गवई होते. त्यांचें नांव येथें देणें उचित नव्हे. त्यांची तबकडी कधीं निघाली नाहीं. पुतण्याचें म्हणणें असें कीं, हें गाणें जगापुढें ठेवलेंच पाहिजे. एक कळ दाबली कीं हजारों रसिकांना तें मिळेल, आणि आपलें कांहींहि कमी होणार नाहीं. आत्या ऐकेना. ती म्हणाली, "ते आपल्या घरीं, चाळीस माणसांपुढें, नानांच्या शब्दाखातर गायले. मधें थांबून पाणी प्याले, एक चीज विसरले ते हसले. तें हंसूं जगाला देणारे आपण कोण?" मला दोघांचेंहि पटत होतें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. तबकड्यांचें युग सुरू होऊन तेव्हां वीस वर्षें झालीं होतीं, तरी त्यांचा आवाज मागें राहिला नाहीं. आज आपण केवळ शिष्यांच्या गळ्यांवरून त्यांची कल्पना करतों. असलेला आवाज कपाटांत ठेवणें हाहि एक प्रकारें तोच नाश, असें पुतण्या म्हणे. परंतु देण्यानें आपलें कमी होत नाहीं, एवढ्यावरून तें आपल्याला देण्याचा अधिकार आहे असें ठरत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. नकलेला खर्च लागत असे, त्या काळीं हा प्रश्न आपोआप मर्यादेंत राहत होता. आतां तो प्रत्येक घराला स्वतः सोडविला पाहिजे.

शेवटीं ठरलें तें असें. बुवांचे वंशज शोधावयाचे आणि पहिली प्रत त्यांच्या घरीं द्यावयाची. पुढचें त्यांनीं ठरवावें. त्यांचा नातू कोंकणांत एका शाळेंत शिक्षक आहे, असें कळलें. मी आणि पुतण्या त्यांच्याकडे गेलों. त्या घरांत बुवांचें एक छायाचित्र होतें, एक तंबोरा होता, आवाज नव्हता. नातवानें आजोबांना पाहिलेंहि नव्हतें. पुतण्यानें ती मैफल लावली तेव्हां ते गृहस्थ उठून उभे राहिले आणि संपेपर्यंत बसलेच नाहींत. गाणें पाऊण तासाचें होतें. मग त्यांनीं मुलांना शेजारच्या घरून बोलावून आणलें आणि पुन्हा पहिल्यापासून लावावयास सांगितलें. जगाला द्यावें कीं नाहीं याविषयीं त्यांनीं अजून कांहीं कळविलेलें नाहीं, आणि आम्हीहि विचारलें नाहीं. परत येतांना मला इतकेंच वाटलें कीं, ही वस्तु पूर्वींच्या जातीची असती, म्हणजे एकच स्पूल असता, तर तो त्यांच्या स्वाधीन करण्याइतकें मन आमच्या चार घरांपैकीं कोणाचें मोठें झालें असतें? या नव्या विद्येनें आम्हांला उदार होणें सोपें केलें; तें सोपें झालें म्हणून त्याचें मोल कमी झालें असें मला त्या ओसरीवर तरी वाटलें नाहीं.

सांठ्याविषयीं एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अंक मळत नाहींत हें खरें, पण ज्या वस्तूवर ते लिहिलेले असतात ती मरते, आणि मरतांना फितीसारखी खरखरून इशारा देत नाहीं. आज असते आणि उद्यां नसते. म्हणून प्रती निदान तीन असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गांवीं असावी आणि दर चारपांच वर्षांनीं त्या नव्या वस्तूवर उतराव्यात. सर्वांच्या घरीं आहे म्हणून कोणीच पाहावयाचें नाहीं, असें झालें कीं चारहि प्रती एकदमच जातात. तिजोरी मोठी झाली तरी राखण करणारें मनुष्य लागतेंच.

आणि वाचकभगिनींना व बंधूंना माझी विनंति अशी कीं, आपल्या माळ्यावरहि अशी एखादी पेटी असेल. ती अंकांत उतरविण्याचें काम पुतणे-भाचे केव्हांहि करतील; त्यासाठीं यंत्रें आहेत आणि पुढें याहूनहि चांगलीं येतील. परंतु फितींत कोण बोलतें आहे, कोण गातें आहे, मागून 'पुरे आतां' असें कोण म्हणतें आहे, हें सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवर त्यांना शेजारीं बसवून ऐकावें आणि तें लगेच वहींत लिहून ठेवावें. ती वही मात्र वरच्या मजल्यावर असूं द्यावी.

आमच्या नव्वद तासांपैकीं एकसष्ट तासांना आतां नांवें मिळालीं आहेत. गेल्या दोन रविवारीं आत्याला एकहि आवाज ओळखतां आला नाहीं. एकदां तर स्वतःचाच, विसाव्या वर्षींचा, तिला परका वाटला. "मुलगी बरी गाते," एवढेंच ती म्हणाली. येत्या रविवारीं आजीच्या ओव्या लावण्याचें पुतण्याच्या मनांत आहे. तिला त्याविषयीं कांहीं सांगितलेलें नाहीं.